सुभेदारांचा संप

आमच्या शाखेत संपाला सगळ्यांत कडक विरोध मॅनेजरसाहेबांचा नव्हता, दारावरच्या सुभेदारांचा होता. साहेबांना विरोध करायलासुद्धा सांगलीहून फोन यावा लागे, आणि आमचा फोन आठवड्यातले निम्मे दिवस आजारी असे. सुभेदारांना फोनची गरज नव्हती. "संप म्हंजे बंड," एवढंच ते म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला होता.

तासगावच्या अलीकडचं ते गाव. एसटी स्टँडसमोर आमची बँक, समोर एक भलंमोठं कडुलिंबाचं झाड, आणि हंगामात रस्ताभर द्राक्षाच्या पेट्या वाहणारे ट्रॅक्टर. मी साताऱ्याची. परीक्षा देऊन क्लार्क म्हणून लागले आणि पहिलीच नेमणूक इथं मिळाली. शाखेत बाईमाणूस मी एकटीच. पहिला महिनाभर लोक आपलं काम शेजारच्या खिडकीत करून घेत आणि माझ्या खिडकीशी येऊन फक्त नमस्कार करून जात. मग कुणीतरी बातमी पसरवली की ही पोरगी सही जुळली नाही तर ओरडत नाही, पुन्हा करायला देते. दुसऱ्या दिवसापासून रांग माझ्याकडे वळली आणि शेजारचा क्लार्क सुखानं पान खाऊ लागला.

सुभेदार खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण त्यांच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे तिकडे हवालदार पैशाला पासरी. इथं ते एकटेच, म्हणून गावानं परस्पर बढती देऊन टाकली होती. बँकेची दोननळी बंदूक त्यांच्या खांद्याला असे, तरी धाक होता तो मिशीचाच. मी साताऱ्याची हे कळल्यावर त्यांनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. "पक्की झालीस का नोकरीत?" मी म्हटलं, अजून नाही, प्रोबेशनवर आहे. "मग रंगरूट हायेस. शपथंची कसम परेड आजून व्हायची हाय तुझी." त्या दिवसापासून मी साऱ्या शाखेची रंगरूट झाले. चहावाला पोऱ्यासुद्धा "रंगरूटबाईंचा कमी साखरेचा" असं ओरडत येई.

प्रोबेशन म्हणजे काय ते मला सुभेदारांपेक्षा आईनं जास्त चांगलं समजावलं होतं. कायम झालेल्या माणसाला काढायचं तर कारण द्यावं लागतं, चौकशी करावी लागते. प्रोबेशनवरच्याला 'समाधानकारक नाही' एवढं म्हटलं की झालं. आणि आईचा माझ्याशी करार होता. मी कायम झाले तर दोन वर्षं ती लग्नाचं नाव काढणार नव्हती. नाही झाले तर मुकाट्यानं साताऱ्याला परत यायचं आणि कोयनानगरचं स्थळ करायचं. मुलगा धरणाच्या कामावर होता, क्वार्टर होतं, पगार बरा होता. मुलात खोट काढण्यासारखं मला काही सापडेना, म्हणून मी भूकंपाचं नाव पुढं केलं. "तिथं मांडणीतली भांडी आपोआप वाजतात म्हणे," मी म्हटलं. आई म्हणाली, "वाजू देत. तुला नाहीतरी स्वयंपाकात भांडी वाजवायचा कंटाळाच आहे." खरी गोष्ट अशी, की मला ती खिडकी हवी होती. सकाळी तिची जाळी वर सरकवताना मला जो आनंद व्हायचा, तो मी आईला सांगूनही तिला कळला नसता.

तर अशा वेळी संप आला. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. आणीबाणीत संप हा शब्द लोक बीभत्स असल्यासारखा टाळायचे. आता तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, आणि आमचे हेड कॅशियर, जे युनियनचे आमच्या शाखेतले पुढारी होते, ते तर तो शब्द सुपारी चघळावी तसा चघळत. एक दिवसाचा संप, साऱ्या शाखा बंद, मागण्या बऱ्याच. चहाच्या वेळी ते आम्हाला कायदा शिकवू लागले. बँक म्हणजे लोकोपयोगी सेवा, म्हणून आपल्याला अचानक उठून संप करता येत नाही. आधी नोटीस द्यायची, मग कायद्यात सांगितलेले चौदा दिवस जाऊ द्यायचे, तोवर समेटाची बोलणी झाली तर ती होऊ द्यायची. हे सगळं पाळलं तर संप कायदेशीर, आणि त्यासाठी कुणाला कामावरून काढता येत नाही.

सुभेदार दारातून ऐकत होते. त्यांनी मान आत घातली. "म्हंजे आदी सांगायचं?"

"सांगावंच लागतं. लेखी."

"कुनाला?"

"मॅनेजमेंटला. ज्यांच्याविरुद्ध संप आहे त्यांना."

सुभेदारांनी खांद्यावरची बंदूक सावरली. "शत्रूला आदी कळवायचं, आमी अमुक तारखेला येतोय म्हनून? आनि मग चौदा दिस वाट बघायची? त्यो तवर खंदक खनंल की वं!"

हेड कॅशियर म्हणाले, खणू दे, तोच तर हक्क आहे. त्या दिवसापासून सुभेदारांनी बंड हा शब्द सोडला. ज्याची आधी लेखी खबर देतात ते बंड असूच शकत नाही, हे त्यांच्या फौजी डोक्याला पटलं होतं. फक्त ही लढाई हरणार याबद्दल त्यांची खात्री होती.

त्यांना खरं वळवलं ते एका स्टुलानं. मागण्यांत खाली कुठंतरी एक बारीकशी मागणी होती, की दारावरच्या पहारेकऱ्यांना बसायला स्टूल मिळावं. तोवर नियमच होता की पहारेकरी उभाच राहील. सुभेदार आधी भडकले. "पहारेकरी बसतो व्हय कवा?" मग हेड कॅशियरनी सांगितलं की विट्याच्या शाखेतला पहारेकरी गुडघ्यानं अधू होत चाललाय, दुपारनंतर भिंत धरून उभा असतो. तो सुभेदारांच्याच पलटणीतला निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार आले ते थेट हेड कॅशियरपुढं सावधान उभे राहिले. "मला नगं स्टूल. पन त्या गड्याला पायजे. लिवा माझं नाव."

आता राहिले मी. हेड कॅशियर भला माणूस. ते म्हणाले, "तुमच्यावर सक्ती नाही. संप करण्याचा हक्क म्हणजे न करण्याचाही हक्क असतो." पण ते असं म्हणाले तेव्हा शेजारचा क्लार्क पान खायचं थांबवून माझ्याकडे बघत होता, आणि शिपाईसुद्धा बघत होता. दुसऱ्या बाजूनं साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सांगलीकडची गोड वाणी त्यांची. "तुम्ही हुशार आहात. अहवाल मलाच लिहायचाय. त्या दिवशी फक्त आपल्या जागेवर बसा, बाकी माझ्यावर सोपवा." ते धमकी देत नव्हते, त्यांना खरोखरच माझं भलं करायचं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. इकडे आड तिकडे विहीर, आणि विहिरीच्या तळाशी कोयनानगर. घरमालकिणीकडे मला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

संपाच्या दिवशी मी काहीच न ठरवता निघाले. ऊन फार म्हणून छत्री घेतली होती. पोचले तर कडुलिंबाखाली सगळे जमलेले, पण घोषणा नाहीत. हेड कॅशियर कपाळाला हात लावून झाडाच्या पारावर बसलेले. आणि बँकेच्या दारात, गणवेशात, खांद्याला बंदूक लावून सुभेदार उभे.

झालं होतं असं. रात्री बँकेवर एक म्हातारा राखणदार असे. तो युनियनमध्ये नव्हता, रोजाचा माणूस. उजाडताच सुभेदार येत, म्हातारा "बदली हजर?" विचारी, सुभेदार "हजर" म्हणत, आणि म्हातारा घरी जाई. संपाच्या दिवशी सुभेदारांच्या मनात आलं, आपण नाही गेलो तर तो म्हातारा दिवसभर तिथंच अडकून पडेल. म्हणून ते गेले, त्याला मोकळा केला, आणि स्वतः अडकले. पहारा घेतला की बदली आल्याशिवाय सोडायचा नाही. रोज दुपारी जेवायला जातानासुद्धा शिपायाला जागेवर उभा केल्याशिवाय ते पायरी उतरत नसत. आज शिपाई संपावर. सगळेच संपावर. कायद्याचं एकेक कलम हेड कॅशियरनी पाठ केलं होतं, पण या कलमाचा कुणी विचारच केला नव्हता.

"अहो, या की खाली!" हेड कॅशियर तिसऱ्यांदा ओरडले.

"येतो की. बदली धाडा."

"आम्ही संपावर आहोत! आमच्यातला माणूस पाठवला तर तो संप मोडतो!"

"मंग मी पन संपावरच हाय," सुभेदार जागचे न हलता म्हणाले. "पन पहारा माझ्याकडं हाय. मी काय करू?"

एवढ्यात साहेब बाहेर आले. चाव्या आदल्या दिवशीच हेड कॅशियरनी रीतसर त्यांच्या ताब्यात दिल्या होत्या, कारण कायदेशीर संप म्हणजे सगळंच कायदेशीर. नियम असा होता की दारात पहारेकरी असल्याशिवाय रोकड बाहेर काढायची नाही. पहारेकरी तर दारात होता. आता रोकडीवर साहेब स्वतः बसणार, खिडकीत कुणीतरी बसलं, की ते सांगलीला फोन करायला मोकळे, शाखा चालू आहे म्हणून. आणि आश्चर्य म्हणजे त्या दिवशी फोनसुद्धा चालू होता. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. या, आत या. कडुलिंबाखालच्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो, त्यात मी कायम पहिल्या फेरीत बाद व्हायचे. पाय उचलायचा की नाही हे ठरेपर्यंत पुढची हाक आलेली असे.

मी दाराकडे चालत गेले. मागून कुणीतरी "हं, गेली" म्हणालेलं मला ऐकू आलं. मी पायऱ्या चढले, साहेब दार पूर्ण उघडू लागले, आणि मी सुभेदारांसमोर जाऊन उभी राहिले.

"बदली हजर," मी म्हटलं.

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "तू?"

"संप कायम झालेल्यांचा. मी रंगरूट. मला कुणी बोलावलेलं नाही."

त्यांची नजर माझ्या छत्रीवर गेली. मग म्हणाले, "रिकाम्या हातानं पहारा हुत न्हाई." त्यांनी माझी मिटलेली छत्री माझ्या खांद्याला लावून दिली, कोपर आत दाबलं, हनुवटी वर केली. बंदूक साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती शेजाऱ्याचं रडकं पोर घ्यावं तशी लांब धरली आणि "हे कुठं ठेवू? हे कुठं ठेवू?" असं विचारत आत गेले. सुभेदार मला हळूच म्हणाले, "ध्येनात ठिव. ज्याच्या हाती पहारा दिला, त्याच्याकडं वळून बघायचं न्हाई. बघितलं म्हंजे इस्वास न्हाई." आणि पायऱ्या उतरून ते संपावर गेले.

मग कडुलिंबाखाली जो गोंधळ उठला तो विचारू नका. सुभेदारांनी जाताच सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं, उंचीप्रमाणे लावलं, आणि घोषणांना वेळ ठरवून दिली. "कोण म्हणतो देणार न्हाई" म्हटलं की डावा पाय. हेड कॅशियर बुटके, ते रांगेच्या शेवटी गेले आणि पुढारी असून त्यांची घोषणा कुणालाच ऐकू जाईना. बाजाराला आलेली माणसं द्राक्षं खात बघत उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, "लगीन हाय व्हय बँकेचं?"

इकडे साहेबांचा वेगळाच पेच. ते बाहेर येऊन मला म्हणाले, "पहारेकरी आहे ना आता? मग चला, उघडू या."

"हो, मी आहे की दारात."

"अहो, पण मग खिडकीत कोण?"

"खिडकीत मी बसले तर दारात कोण?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. ते पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. "तुम्ही नेमक्या कामावर आहात की संपावर?" त्यांनी कळवळून विचारलं. मी म्हटलं, "पहाऱ्यावर." शाखा काही उघडली नाही. साहेब आत एकटे बसले, आणि त्यांनी डबा खाल्ला तेव्हा त्यातली एक वडी मला आणून दिली, कारण माणूस वाईट नव्हता.

आणि सुभेदार? इस्वास न्हाई! दर घोषणेला त्यांची मान वळायची. मी छत्री खाली घेतली की तिकडून हनुवटी वर करण्याची खूण. मी एका पायावर भार दिला की खोकला. एकदा तर ते रांग सोडून निम्म्या रस्त्यापर्यंत आले, कारण एक कुत्रं माझ्या पायाशी येऊन बसलं होतं. संध्याकाळी म्हातारा राखणदार आला, "बदली हजर" म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसता हसता त्याला ठसका लागला.

पुढं महिन्याभरानं मला सांगलीच्याही वरच्या, साताऱ्याच्या मोठ्या ऑफिसात बोलावणं आलं. कायम करायचं की नाही ते तिथं ठरणार होतं. साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'संपाच्या दिवशी दिवसभर शाखेच्या दारात हजर.' शब्दन् शब्द खरा. तिथले अधिकारी लवंग चघळत होते. त्यांनी ती ओळ वाचली आणि चष्म्यावरून बघितलं. "दारात हजर म्हणजे? कामावर होता असं धरू?"

मला फक्त मान हलवायची होती. कडुलिंबाखालच्यांनी मला आपली म्हटलं होतंच, साहेबांनीही आपली म्हटलं होतं, आणि इथं हे गृहस्थ स्वतःहून दार उघडून धरत होते. पण मला एकदम ते हनुवटी वर केल्याचं आठवलं, आणि मग माझं साताऱ्याचं तोंड आवरेना. "नाही," मी म्हटलं. "सुभेदारांना संपावर जाता यावं म्हणून मी उभी राहिले. म्हणजे संपातच धरा."

लवंग थांबली. "तुम्ही प्रोबेशनवर आहात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." बोलून झाल्यावर मला रडू फुटेल असं वाटलं. ते फुटलं, पण जिन्यात.

त्यांनी काढलं नाही. कायमही केलं नाही. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं, पुन्हा बघू म्हणून. घरी आई म्हणाली, "खरं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?" आणि कोयनानगरला निरोप धाडला की जरा थांबा. त्यांना थांबायचं नव्हतं. त्यांनी कराडची मुलगी केली. म्हणजे ज्या वाढीव प्रोबेशनच्या नावानं मी बोटं मोडत होते, त्यानंच माझं लग्न मोडलं. शाखेत परत आले तर सुभेदार म्हणाले, "डबल ट्रेनिंग मिळालं की गं! नशीबवान रंगरूट हायेस." मी त्यांच्यावर चिडले. तीन महिने मी रोज जाळी वर सरकवताना, हीच शेवटची असेल का, असा विचार करत होते, आणि त्यांना चेष्टा सुचत होती.

तीन महिन्यांनी मी कायम झाले. पगारातून पेढे वाटले. सुभेदारांनी पेढा घेतला, खाल्ला, आणि ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

त्यानंतर लवकरच त्यांची बँकेतली मुदत भरली. मधल्या काळात स्टूल मंजूर होऊन आलं होतं. विट्याचा गडी त्याच्यावर बसत होता असं कळलं होतं. आमचं स्टूल दाराशी कोरं पडून होतं. सुभेदार त्यावर फक्त डबा ठेवत. शेवटच्या दिवशी आम्ही हार, शाल, नारळ आणले, भजी मागवली, साहेबांनी भाषण तयार केलं. सगळे आत जमले आणि सत्कारमूर्ती काही येईनात. त्यांच्या जागी यायचा नवा माणूस अजून हजर झाला नव्हता. सांगलीहून पाठवतो म्हणाले होते. शिपाई दोनदा बोलावून आला. "येतो," ते म्हणाले, आणि हलले नाहीत. भजी गार होत होती.

मी खिडकीतून उठले. छत्री त्या दिवशी नव्हती, रिकाम्या हातानंच गेले. समोर उभी राहिले, हनुवटी वर केली. "बदली हजर."

या वेळी त्यांनी "तू?" विचारलं नाही. माझं कोपर दाबलं नाही. रंगरूट म्हणाले नाहीत. "पहारा घ्या, बाई," ते म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं. बंदूक आत ठेवली, शाल घेतली, हार घालून घेतला, एक भजं खाल्लं. मग माझ्या शेजारून ते बाहेर पडले, पायऱ्या उतरले, कडुलिंबाखालून एसटी स्टँडकडे चालू लागले.

मी दारात ताठ उभी राहून बघत होते. रस्ता चांगला लांब होता, आणि ते अगदी सावकाश गेले. एकदाही वळून बघितलं नाही.